रिकाम्या आसनाचा अर्थ लावणारे आनंद कुमारस्वामी

सांचीच्या तोरणांवर बोधिवृक्ष आहे, चक्र आहे, पावलांचे ठसे आहेत, रिकामे आसन आहे. तथागत मात्र मानवी रूपात कुठेच नाहीत. ही चिन्हे वाचायला आधुनिक जगाला ज्यांनी शिकवले, त्यांत आनंद कुमारस्वामी आघाडीवर होते.

२२ ऑगस्ट १८७७ रोजी कोलंबोत त्यांचा जन्म झाला. वडील तमिळ कायदेपंडित, आई इंग्रज. वडील लवकर वारले आणि मुलगा इंग्लंडात वाढला. शिक्षण भूगर्भशास्त्राचे. सिलोनच्या खनिज सर्वेक्षणाचे संचालक म्हणून गावोगाव फिरताना खडकांपेक्षा तिथल्या कारागिरांची मोडकळीला आलेली कला त्यांना अधिक दिसू लागली. १९०८ साली सिंहली कलेवरचा त्यांचा मोठा ग्रंथ आला. त्यातली छायाचित्रे पत्नी एथेल यांची होती.

१९१७ पासून अखेरपर्यंत ते बोस्टनच्या कलासंग्रहालयात होते. छायाचित्राला कला मानायला संग्रहालये कचरत होती, त्या काळात, १९२४ साली, आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांची छायाचित्रे त्यांनी तिथे आणवली.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९२७. पहिली बुद्धमूर्ती गांधारात ग्रीक प्रभावातून घडली, असे फ्रेंच अभ्यासक फुशे यांचे म्हणणे होते. कुमारस्वामींनी मथुरेच्या बुद्धमूर्तींची आणि जुन्या यक्षमूर्तींची छायाचित्रे एकत्र मांडली. तोच रुंद खांदा, तीच भरदार छाती, तोच ताठ उभा देह. मूर्ती इथल्या मातीतली आहे, हे डोळ्यांना दिसत होते. आज बहुतेक अभ्यासक दोन्ही ठिकाणी जवळपास एकाच काळात मूर्ती घडू लागल्या असे मानतात. पण उसनेपणाचा शिक्का पुसला तो या लेखाने.

पुढे मात्र आपली वाट वेगळी होते. १९३५ च्या ग्रंथात त्यांनी वृक्ष, कमळ आणि चक्र यांची मुळे वेदांत शोधली. नंतर बौद्ध विचार आणि ब्राह्मणी विचार मुळात एकच, असेही मांडले. वर्णव्यवस्थेचे तर ते समर्थकच होते. बाबासाहेबांनी ज्या धम्मात या व्यवस्थेशी उघड संघर्ष पाहिला, त्याच धम्माची चिन्हे कुमारस्वामी तिच्या खात्यात जमा करत होते. गंमत अशी, की यक्ष आणि वृक्षपूजा ही वेदांबाहेरच्या लोकांची परंपरा, याचे पुरावे १९२८ च्या 'यक्ष' ग्रंथात त्यांनीच गोळा केले होते! चिन्ह जुने असले तरी ते कोण, कशासाठी वापरतो यावर त्याचा अर्थ ठरतो, ही बाजू त्यांनी कमी तोलली.

ऑगस्ट १९४७ मध्ये, सत्तराव्या वाढदिवशी, आता भारतात परतून राहायचे असल्याचे त्यांनी जाहीर केले. ९ सप्टेंबरला अमेरिकेतच, नीडहॅम येथे त्यांचे निधन झाले.