चिमणीच्या गळ्यावरचा पिवळा डाग

गेल्या हिवाळ्यात लेकीला घेऊन शिवडीच्या खाडीवर गेलो होतो. गेलो रोहित पाहायला. पण ओहोटीच्या चिखलात तुरुतुरु धावणाऱ्या, चिमणीएवढ्या करड्या पाखरांनीच तिला खिळवून ठेवले. तिने नावे विचारली आणि मी गप्प झालो. मला सगळी सारखीच दिसत होती. घरी येऊन डॉ. सालिम अलींचे पुस्तक उघडले, तेव्हा त्यांचे आयुष्यच डोळ्यांपुढे आले.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. आईवडील लहानपणीच गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी खेतवाडीत सांभाळले. छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या टिपणे हा या पोराचा छंद. एकदा पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोण, ते मामांनाही सांगता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्डसाहेबांकडे धाडले. साहेबांनी पीतकंठी चिमणी ओळखली आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रहच पोरापुढे उघडला. एका डागाने आयुष्याची दिशा ठरली.

वाट मात्र सोपी नव्हती. बर्लिनला स्ट्रेसेमान यांच्याकडे शिकून १९३० मध्ये परतले, तर नोकरीची जागाच उरली नव्हती. पत्नी तेहमिनांसह ते अलिबागजवळच्या किहीमला राहिले. त्या बेकारीत त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला, आणि तोच पुढे गाजला. १९३९ मध्ये तेहमिनाही गेल्या. तरी १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक आले आणि पक्षी ओळखणे सामान्य घरांपर्यंत पोहोचले. पुढे रिप्ली यांच्यासह दहा खंडांचा ग्रंथ झाला. २० जून १९८७ रोजी ते गेले.

पुढच्या रविवारी आम्ही दुर्बीण घेऊन पुन्हा खाडीवर गेलो. आता रंगाआधी चाल पाहिली. चिखल्या चार पावले धावतो, थबकतो, मग टिपतो. टिलवा मान खाली घालून शिवणयंत्रासारखा टिपतच राहतो. काळ्या पायांचा तो छोटा टिलवा. पिवळसर पायांचा टेमिंकचा. हा छोटा टिलवा जेमतेम पंचवीस ग्रॅमचा, आणि येतो थेट उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशातून!

एका पाखराचे पाय मात्र चिखलाने माखलेले होते. लेक अंदाजाने नाव लिहू लागली, तेव्हा मी तिला चिमणीच्या त्या पिवळ्या डागाची गोष्ट सांगितली. तिने वहीत नुसते प्रश्नचिन्ह काढले. ते अजून तसेच आहे. ओहोटीची वेळ बघून आम्ही पुन्हा जाणार आहोत.