तारण नसलेली शेती

बँकेत असताना कोकणातल्या एका शाखेत कोळंबीशेतीचा एक कर्जप्रस्ताव मी नामंजूर केला होता. तारण काय, तर पाण्यातली कोळंबी! शिवाय अर्जदाराने तळी एका जागी न मागता दोन वेगळ्या खाड्यांकाठी मागितली होती. निवृत्तीनंतर कोकिची मिकिमोतोचे चरित्र वाचताना ती फाईल आठवली.

मिकिमोतो जन्मला १८५८ साली, जपानमधल्या तोबा गावी. घरी उदोनची, म्हणजे जाड शेवयांची, खानावळ. पोरवयात त्याने भाजी विकली. पुढे मोत्यांच्या लोभाने आसपासच्या समुद्रातले शिंपले इतके उपसले गेले की ते संपतात की काय, अशी वेळ आली. मिकिमोतोने आधी शिंपले वाढवायला घेतले. त्यांत मोती घडवण्याचा ध्यास नंतरचा. हा क्रम लोक विसरतात.

१८९२ साली आगो उपसागराचे पाणी तांबडे झाले. सूक्ष्म जीव बेसुमार वाढले की असे होते, आणि शिंपले गुदमरून मरतात. आगोतले त्याचे शिंपले गेले. काही मात्र त्याने तोबाजवळच्या बेटापाशी ठेवले होते, ते वाचले. त्यांतच ११ जुलै १८९३ रोजी त्याला आणि पत्नी उमेला अर्धगोल मोती सापडला. १८९६ मध्ये पेटंट मिळाले आणि त्याच वर्षी उमे गेली. पदरी पाच मुले.

१९०५ मध्ये पाणी पुन्हा तांबडे झाले. साडेआठ लाख शिंपले मेले. त्या दुर्गंधीच्या ढिगात बसून तो एकेक शिंपला उघडत राहिला. निघाले पाच पूर्ण गोल मोती. (गोल मोत्याची खात्रीची रीत निशिकावा आणि मिसे यांची, पण जाहिरातीत मिकिमोतो पटाईत!) पुढे याच मोत्यांनी इराणी आखातातल्या पाणबुड्यांचा आणि त्यांचा माल घेणाऱ्या मुंबईच्या मोतीवाल्यांचा धंदा बसवला.

१९५४ साली, शहाण्णवाव्या वर्षी, तो वारला. २०१९ मध्ये त्याच आगोत कोवळे शिंपले मोठ्या संख्येने मेले. कारण निघाले एक विषाणू. तापलेल्या पाण्याचाही त्यात हात असल्याचे म्हटले जाते. म्हणजे शेतकरी कितीही निष्णात असो, पाणी त्याच्या मालकीचे नसते. त्याने फार तर आपले शिंपले दोन ठिकाणी ठेवावेत.

माझ्या त्या अर्जदाराच्या दोन खाड्यांपुढे मी लाल शाईने शेरा मारला होता: विनाकारण दुप्पट खर्च.