धर्मानंद कोसंबी : काठमांडूची वाट

पाली भाषेचा आणि बौद्ध वाङ्मयाचा अभ्यास आधुनिक भारतीय विद्यापीठांत रुजविणाऱ्या पंडितांत धर्मानंद दामोदर कोसंबी यांचे स्थान अग्रभागी आहे. त्यांच्या चरित्राचा विचार करताना सिंहल, ब्रह्मदेश आणि हार्वर्ड या तीन स्थळांचा विस्ताराने उल्लेख होतो. १९०२ साली त्यांनी केलेला नेपाळचा प्रवास मात्र एक फसलेला प्रयत्न म्हणून एखाद्या वाक्यात संपविला जातो. वस्तुतः या प्रवासाचे महत्त्व त्याच्या अपयशातच आहे. आपला हरवलेला वारसा एखाद्या नगरीत जाऊन डोळ्यांनी पाहता येईल, या श्रद्धेने कोसंबी तेथे गेले आणि तो वारसा भाषेच्या वाटेनेच गाठावा लागतो, या जाणिवेच्या दिशेने तेथून परतले. त्यांच्या पुढील सर्व जीवनकार्याचे सूत्र या पालटात आढळते.

कोसंबींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांकवाळ या गावी झाला. पोर्तुगीज अंमलाखालील त्या खेड्यात शिक्षणाची सोय तुटपुंजी होती. औपचारिक शिक्षण थोडकेच झाले; नारळीच्या बागायतीची देखभाल करीत मिळेल ते मराठी वाचावे, असा त्यांचा क्रम होता. या वाचनात ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या हाती आले आणि त्यांच्या मनाने एकदम ठाव घेतला. या घटनेचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. कार्ले, कान्हेरी, अजिंठा येथील लेणी महाराष्ट्राच्या भूमीवर उभी होती. परंतु ती ज्या धर्माने निर्माण केली त्याची भाषा या भूमीतून लोपली होती. बुद्ध हा सामान्य मराठी माणसाला दशावतारांतील एक नाव म्हणून तेवढा ठाऊक होता. गोव्यातील या तरुणाला मात्र तो आपला वाटला, आणि आपल्या घरची वस्तू आपल्या घरात सापडू नये ही खंत त्याला स्वस्थ बसू देईना.

१८९९ च्या अखेरीस कोसंबींनी घर सोडले. त्यांचा विवाह पूर्वीच झाला होता. मुलगी माणिक तेव्हा तान्ही होती. पत्नी बाळाबाईंच्या वाट्याला यामुळे जी वर्षे आली, त्यांचा हिशेब कोणत्याही विद्वत्तेच्या खात्यात सहज जमा करता येत नाही, हे चरित्रकाराने प्रारंभीच मान्य केलेले बरे. पुण्यात त्यांनी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट घेतली. संस्कृतावाचून बौद्ध धर्माच्या अभ्यासाचे द्वार उघडणार नाही, हे उमगल्यावर ग्वाल्हेरमार्गे ते काशीस पोहोचले आणि अन्नछत्रात जेवून शास्त्र्यांपाशी व्याकरणाचे पाठ घेऊ लागले. काशीत संस्कृत होते, सारनाथही हाकेच्या अंतरावर होते. पण ज्या धर्मासाठी हा खटाटोप चालला होता, तो जिवंत स्वरूपात कोठे आढळतो याचे उत्तर तेथे मिळत नव्हते.

हे उत्तर नेपाळात मिळेल अशी आशा त्यांना एका नेपाळी सहाध्यायाच्या सहवासात उत्पन्न झाली. बौद्ध धर्म भारतातून गेला तरी हिमालयाच्या कुशीतील त्या खोऱ्यात तो टिकून आहे, ही वार्ता त्यांना मोहविणारी होती. आणि मित्राचीच नगरी असल्याने आधाराचीही चिंता नव्हती. चंद्र शमशेर यांच्या राणा राजवटीतील नेपाळ परकीयांस बंद होता व परवान्यावाचून प्रवेश मिळत नसे. भारतातून काठमांडूस जाण्याचा त्या काळचा रूढ मार्ग वीरगंजवरून तराईचे अरण्य ओलांडून भीमफेदीस व तेथून चंद्रगिरीच्या खिंडीतून खोऱ्यात उतरत असे. अशा दुर्गम प्रदेशात मित्राच्या सोबतीने जाण्याची संधी कोसंबींनी साधली.

काठमांडूच्या खोऱ्यात स्वयंभू आणि बौद्धनाथ यांचे भव्य स्तूप उभे होते. लेण्यांच्या देशातून आलेल्या माणसाला येथे चैत्य ओस पडलेला दिसणार नव्हता. त्याभोवती माणसांची वर्दळ होती, पूजाअर्चा अखंड चालू होती. तरीही कोसंबी निराश झाले. नेवार समाजातील बौद्ध परंपरा शतकानुशतके वज्राचार्य आणि शाक्य या कुलांकडे वंशपरंपरेने चालत आली होती. तेथील विहार हे गृहस्थांचे निवास झाले होते. ब्रह्मचारी भिक्षुसंघ उरला नव्हता. जातिभेदाने या धर्मातही घर केले होते आणि तांत्रिक विधींना प्राधान्य आले होते. बुद्धाने उपदेशिलेला शीलाचा आणि चित्तशुद्धीचा मार्ग शिकविणारा गुरू त्यांना हवा होता. तो तेथे भेटला नाही. फार काळ न रेंगाळता त्यांनी परतीची वाट धरली.

हा निवाडा इतिहासाच्या दृष्टीने पूर्ण न्याय्य होता काय, असा प्रश्न आज भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाने विचारला पाहिजे. ज्या नगरीतून कोसंबी रिक्त हस्ताने परतले, तिनेच बौद्ध विद्येला केवढे धन दिले होते! ब्रायन हॉजसन यांनी काठमांडूतून मिळविलेल्या संस्कृत पोथ्या पॅरिसला पोहोचल्या आणि त्यांच्या आधारे ब्युर्नूफ यांनी १८४४ मध्ये भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासावरील आपला पायाभूत ग्रंथ सिद्ध केला. नेपाळातील संस्कृत बौद्ध वाङ्मयाचा राजेंद्रलाल मित्र यांनी करून दिलेला परिचय १८८२ साली प्रसिद्ध झाला होता. इतकेच नव्हे, कोसंबींच्या भेटीनंतर पाचच वर्षांनी, १९०७ मध्ये, हरप्रसाद शास्त्री यांना काठमांडूच्या दरबार ग्रंथालयात चर्यापदांची पोथी आढळली. १९१६ साली ती प्रकाशित होताच पूर्व भारतातील भाषांच्या आरंभकाळाचा इतिहास नव्याने लिहावा लागला. बंगाली, असमिया, उडिया आणि मैथिली या भाषांचे अभ्यासक तिच्यावर आपापला अधिकार सांगत आले आहेत. वज्राचार्यांच्या ज्या परंपरेत कोसंबींना केवळ ऱ्हास दिसला, तिनेच नित्यपाठाने आणि लेखनाने संस्कृत बौद्ध ग्रंथ सांभाळले होते.

परंतु यावरून कोसंबींची दृष्टी संकुचित ठरविणे योग्य होणार नाही. हरप्रसाद शास्त्री पोथीच्या शोधात होते, कोसंबी आचरणाच्या. एकाला वारसा जतन झालेला पुरेसा होता, दुसऱ्याला तो जगण्यास हवा होता. एकच नगरी एकाला भांडार वाटावी आणि दुसऱ्याला रिती, याचे कारण नगरीत नसून प्रश्नात आहे. या निराशेने कोसंबींना एक मोठा लाभ करून दिला. स्तूप, तीर्थ आणि उत्सव यांच्या सान्निध्याने धर्माचा वारसा आपोआप हाती येत नाही, हे त्यांना कळून चुकले. नेपाळातून ते बुद्धगयेस गेले आणि तेथे मिळालेल्या सल्ल्याने पाली त्रिपिटकाच्या अध्ययनासाठी सिंहलद्वीपाकडे वळले.

त्याच वर्षी, १९०२ मध्ये, कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांपाशी त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली व पालीचा अभ्यास आरंभिला. पुढे ब्रह्मदेशात त्यांनी उपसंपदा घेतली. १९०६ मध्ये कलकत्त्यास आल्यावर त्यांनी चीवर उतरविले आणि बंगालच्या राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतून स्थापन झालेल्या महाविद्यालयात ते पाली शिकवू लागले. कलकत्ता विद्यापीठातही त्यांनी अध्यापन केले. सुमारे सात वर्षांनी कुटुंबाची भेट झाली ती याच सुमारास.

येथे त्यांच्यापुढे निवडीचा प्रसंग आला. कलकत्त्यात मान होता आणि चांगल्या वेतनाची शाश्वती होती. उलट बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी देऊ केलेली वृत्ती मासिक ५० रुपयांची होती, आणि महाराष्ट्रात राहून ग्रंथरचना करावी ही तिची अट होती. कोसंबींनी ती वृत्ती स्वीकारली. बडोद्यातील व्याख्यानांतून ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक १९१० साली निघाले. १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीचे अध्यापन केले, पु. वि. बापट यांच्यासारखे विद्वान त्यांच्या शिकवणीतून तयार झाले. हार्वर्ड येथे वॉरेन यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिलेले ‘विसुद्धिमग्ग’चे संपादन हाती घेऊन त्यांनी चार वेळा अमेरिकेचा प्रवास केला. ती आवृत्ती १९५० साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाली; परंतु त्यांनी स्वतः सिद्ध केलेली देवनागरी आवृत्ती १९४० मध्येच मुंबईत निघाली होती. जो ग्रंथ शोधण्यासाठी आपणांस समुद्र ओलांडावा लागला, तो पुढच्या विद्यार्थ्याला घरच्या लिपीत मिळावा, हा त्यामागील हेतू उघड आहे.

‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘निवेदन’ हे आत्मचरित्र, ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ आणि ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथांतील त्यांचे मराठी गद्य अलंकारविरहित, काहीसे कोरडे आणि प्रामाणिक आहे. ‘भगवान बुद्ध’मध्ये त्यांनी चमत्कारांची पुटे बाजूला सारून बुद्धाच्या गृहत्यागाचा संबंध रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेल्या शाक्य-कोलीयांच्या कलहाशी जोडला. साहित्य अकादमीने हा ग्रंथ अनेक भारतीय भाषांत नेला.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे अन्नत्याग करून कोसंबींनी देह ठेवला. मराठी वाचकाला बुद्धचरित्रासाठी आज परमुलखात जावे लागत नाही, याचे पुष्कळसे श्रेय त्यांचे आहे. आणि ते श्रेय देताना काठमांडूच्या त्या निष्फळ फेरीला वगळता येत नाही. तेथे त्यांचे समाधान झाले असते, तर ते कदाचित एक श्रद्धाळू यात्रेकरू म्हणून राहिले असते. ते झाले नाही, म्हणून ते विद्यार्थी झाले, आणि पुढे शिक्षक.