फिशरसाहेबांची लाट आणि इझारकाठचा तेरडा

गौरी-गणपतीच्या सुमारास गार्चिंगहून इझार नदीकडे फिरायला गेले, की मराठी माणसाचे पाऊल क्षणभर थबकतेच. काठाने पुरुषभर उंचीचा, गुलाबी-जांभळ्या फुलांचा तेरडा माजलेला असतो. हा आपल्याकडचा तेरडा नव्हे, त्याचा हिमालयातला थोराड भाऊ. १८३९ साली त्याचे बी लंडनच्या क्यू उद्यानात आले. हौशी लोकांनी ते बागांत लावले, आणि कुंपण ओलांडून तो नद्यानद्यांच्या काठाने युरोपभर गेला. अशी एखादी जात किती वेगाने पसरेल, याचे गणित ज्यांच्या सूत्रावर उभे आहे, त्या रोनाल्ड एल्मर फिशर यांची आज ओळख करून घेऊ.

फिशर यांचा जन्म १७ फेब्रुवारी १८९० रोजी लंडनमध्ये झाला. वडील लिलावाच्या धंद्यात होते. फिशर चौदा वर्षांचे असताना आई गेली, आणि पुढे वडिलांचा धंदाही बुडाला. डोळे इतके अधू, की दिव्याच्या उजेडात वाचायला डॉक्टरांची बंदी. मग संध्याकाळी गणिताची शिकवणी चाले ती तोंडीच. कागद नाही, पेन्सिल नाही. आकड्यांची आकृती मनात पाहायची सवय जडली ती जन्मभराची. पुढे त्यांची उत्तरे बरोबर निघत, पण मधल्या पायऱ्या गाळलेल्या असत, आणि त्या भरून काढताना इतर गणितज्ञ मेटाकुटीला येत.

१९१२ साली केंब्रिजची पदवी मिळाली. महायुद्धात भरती व्हायला गेले तर डोळ्यांमुळे परत पाठवले. काही वर्षे शाळामास्तरकी केली, ती त्यांना मुळीच मानवली नाही. १९१९ साली रॉदमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात जागा मिळाली आणि नशीब उघडले. तेथे १८४३ पासूनच्या पिकांच्या नोंदींचे ढीग साचले होते. त्यांतून फिशर यांनी आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घातला. आज कोणत्याही कृषी विद्यापीठात वाफे पाडून खतांची तुलना करतात, ती त्यांच्याच पद्धतीने.

आपल्या विषयाचा लेख मात्र १९३७ सालचा. तेव्हा ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांचा प्रश्न जनुकाचा होता. समुद्रकिनाऱ्यासारख्या लांबच लांब पट्टीत एखादी जात राहते आहे, आणि एका ठिकाणी तिच्यात एक उपकारक जनुक उपजले. ते पट्टीभर कसे पोचेल? नुसतीच भटकंती असेल आणि वाढ नसेल, तर पाण्यातल्या शाईच्या थेंबासारखे ते विरत जाईल. नुसती वाढ असेल आणि कोणी जागचे हलणार नसेल, तर जिथल्या तिथे गर्दी होईल. दोन्ही एकत्र आली की लाट उठते, आणि ती ठरावीक वेगाने पुढे सरकते. वाढीचा दर आणि प्रसाराचे मान यांचा गुणाकार करा, वर्गमूळ काढा, दुप्पट करा. झाला लाटेचा वेग. म्हणजे वाढ चौपट झाली तरी वेग दुप्पटच होणार. पण दोहोंपैकी एक शून्य झाले, की लाट थांबली! योगायोग असा, की त्याच वर्षी मॉस्कोत कोल्मोगोरोव, पेट्रोव्स्की आणि पिस्कुनोव यांनीही हेच समीकरण सोडवले.

जनुकांचे हे गणित प्राण्यांच्या प्रसाराला लावले ते १९५१ साली स्केलॅम या इंग्रज शास्त्रज्ञाने. १९०५ साली प्रागजवळ एका जमीनदाराने अमेरिकेहून आणलेले मोजके मस्करॅट सोडले होते. हा पाणथळीत राहणारा, घूस शोभेल असा उंदीर. जर्मन लोक त्याला बिसाम म्हणतात. पोरवडा वाढवत तो आमच्या बव्हेरियातही उतरला. त्याने व्यापलेल्या क्षेत्राचे वर्गमूळ सालवार मांडले, तर जवळजवळ सरळ रेषा मिळाली.

भारताशी फिशर यांचा घरोबा होता. जानेवारी १९३८ मध्ये कलकत्त्याच्या पहिल्या संख्याशास्त्र परिषदेचे ते अध्यक्ष होते. सातारा जिल्ह्यातले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी त्यांच्या एका कसोटीची कोष्टके तयार केली. गोव्याच्या दामोदर धर्मानंद कोसंबींचे जनुकांमधील अंतराचे सूत्र १९४४ साली छापून आले, ते फिशर यांचा लाटेचा लेख आला त्याच नियतकालिकात.

त्या नियतकालिकाचे नाव होते ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’, आणि येथे जीभ अडखळते. माणसांतही कोणी प्रजा वाढवावी आणि कोणी वाढवू नये हे ठरवू पाहणाऱ्या त्या विचाराचे फिशर कट्टर पुरस्कर्ते होते. उतारवयात सिगारेटने कर्करोग होतो हेही त्यांनी मानले नाही. तंबाखू कारखानदारांचे ते सल्लागारही होते. २९ जुलै १९६२ रोजी ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे त्यांचे निधन झाले. केंब्रिजच्या त्यांच्या कॉलेजाने त्यांच्या सन्मानार्थ रंगीत काचेची खिडकी बसवली होती, ती २०२० साली उतरवली. मला विचाराल तर खिडकी गेली ते ठीकच झाले. समीकरण मात्र कोणाला उतरवता येणार नाही.

आता पुन्हा तेरड्याकडे. नदीचा काठ म्हणजे फिशर यांची ती लांबच लांब पट्टीच. पिकलेली शेंग फुटली की बी सात मीटरपर्यंत उडते. मात्र फिशर यांनी धरली ती लहान लहान पावले. पुराचे पाणी बी कोसभर नेऊन टाकते, तेव्हा लाट त्यांच्या हिशेबापुढे धावते. पुराला कोण अडवणार? म्हणून येथील लोक गुणाकारातला दुसरा आकडा धरतात. शेंगा धरण्याआधी रोपे उपटायची, तीही नदीच्या वरच्या अंगाकडून. बी मातीत फार वर्षे टिकत नाही, त्यामुळे नेटाने दोन-तीन वर्षे केले तर काठ मोकळा होतो. २०१७ पासून ही वनस्पती युरोपीय संघाच्या उपद्रवी परक्या जातींच्या यादीत आहे.

गौरीसाठी चार रोपे मुळासकट घरी न्यावीत, असा मोह दरवर्षी होतो. पण तोवर शेंगा भरलेल्या असतात, बोट लागताच फुटतात, आणि वाटेवर प्रत्येक ओढ्याशी बी सांडत जायचे. म्हणून आमच्याकडची गौर हल्ली बाजारातल्या शेवंतीची असते.