प्रकाशाचा वेध घेणारे रामन

पावसाळ्यात उमरग्याच्या हमरस्त्यावर साचलेले पाणी तुम्ही पाहिलेच असेल. सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या मालमोटारींतून तेलाचे दोन-चार थेंब त्या पाण्यावर पडतात आणि लाल, हिरवे, निळे रंग पसरतात. तेलात हे रंग नसतात, पाण्यातही नसतात. मग ते येतात कोठून? आपण क्षणभर पाहतो आणि पुढे जातो. परंतु असा प्रश्न पडला की तेथेच थांबणारा एक थोर शास्त्रज्ञ आपल्या देशात होऊन गेला. त्यांचे नाव चंद्रशेखर वेंकट रामन.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तमिळनाडूतील तिरुचिरापल्ली येथे झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना त्यांनी फटीतून जाणाऱ्या प्रकाशावर प्रयोग केले. पलीकडे प्रकाशाचे उजळ व काळे पट्टे दिसत. विशिष्ट तिरप्या प्रकाशात दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे नसतात, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यावर त्यांनी लेख लिहिला. १९०६ साली तो लंडनच्या नियतकालिकात छापून आला. तेव्हा ते अवघे अठरा वर्षांचे होते.

हे पट्टे का दिसतात, ते समजून घ्या. विहिरीत एकाच वेळी दोन खडे टाका. दोन्हीकडून लाटा पसरतील. उंचवट्याला उंचवटा मिळाला की लाट मोठी होते. उंचवट्याला खळगा मिळाला की पाणी तेथे शांत राहते. प्रकाशाच्याही लाटा असतात. त्या एकमेकींना मिळाल्या की कोठे उजेड वाढतो, तर कोठे अंधार पडतो. याला व्यतिकरण म्हणतात. पाण्यावरील तेलाच्या पातळ थराच्या वरच्या व खालच्या अशा दोन्ही बाजूंवरून प्रकाश परततो. त्या दोन लाटा मिळतात आणि थराच्या जाडीप्रमाणे निरनिराळे रंग उमटतात.

त्या काळी आपल्या देशात संशोधनावर पोट भरणे कठीण होते. म्हणून १९०७ साली रामन सरकारच्या अर्थखात्यात मोठ्या हुद्द्यावर रुजू झाले. कलकत्त्यात त्यांना एक विज्ञानसंस्था सापडली. दिवसा कचेरी आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळा, असा त्यांचा क्रम सुरू झाला. पुढे त्यांची रंगूनला व १९१० साली आपल्या नागपूरला बदली झाली. कलकत्त्याची प्रयोगशाळा दूर राहिली, पण ध्यास सुटला नाही. १९११ साली ते कलकत्त्यास परतले. १९१७ साली त्यांना विद्यापीठात प्राध्यापकाची जागा देऊ करण्यात आली. पगार बराच कमी होता. घरसंसार होता, सरकारी नोकरीत बढतीची खात्री होती. तरीही त्यांनी ती नोकरी सोडली.

१९२१ साली इंग्लंडहून बोटीने परत येताना त्यांनी समुद्राचा गर्द निळा रंग पाहिला. समुद्रात आकाशाचे प्रतिबिंब पडते म्हणून तो निळा दिसतो, असे मोठमोठे शास्त्रज्ञ मानत. रामन यांनी जवळच्या लोलकातून पाहिले. लोलकाने पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश अडवला, तरी पाणी निळेच! म्हणजे पाणी स्वतःच प्रकाश विखुरते. बोट मुंबई बंदरात आली, तेव्हा त्यांनी आपले म्हणणे लिहून विलायतेतील विज्ञानपत्रिकेला पाठवले. मोठ्या नावापेक्षा डोळ्यांनी तपासलेली गोष्ट त्यांना खरी वाटली.

या प्रश्नातूनच पुढे मोठा शोध लागला. विखुरलेल्या प्रकाशातील थोड्या भागाचा रंग बदलतो, हे २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांना आढळले. त्यांचे सहकारी कृष्णन यांचाही या कामात वाटा होता. या शोधासाठी १९३० साली रामन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणूनच आपण २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो.

कीर्ती मिळाली, तरी त्यांचे कुतूहल शमले नाही. १९३३ साली ते बंगलोरला गेले. तेथे त्यांनी शिंपल्यांची चमक आणि नीलपंख पक्ष्याची पिसे तपासली. हा पक्षी आपल्या शेतांतील तारांवर बसलेला दिसतो. त्याच्या पिसांत निळा रंग भरलेला नसतो. पिसांच्या सूक्ष्म रचनेमुळे ती निळी दिसतात. मोरपिसातही काळसर द्रव्याच्या अतिशय बारीक काड्या ओळीने रचलेल्या असतात. त्यांच्यामधील अंतर बदलले की रंग बदलतो. रामन आणि नागेंद्र नाथ यांनी आणखी एक गोष्ट उलगडून दाखवली. कानांना ऐकू न येणाऱ्या ध्वनीने द्रवात दाट-विरळ थर तयार होतात आणि त्यांतून जाणारा प्रकाश अनेक शलाकांत विभागला जातो.

आज शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत अशाच सूक्ष्म रचना मुद्दाम घडवतात आणि प्रकाशाला हवे तसे वळवतात, अडवतात. प्रकाशाचा एकेक कण सोडला, तरी शेवटी त्यांच्या ठिपक्यांतून तेच उजळ-काळे पट्टे उमटतात. या नवलाचा अभ्यास अजून चालू आहे.

२१ नोव्हेंबर १९७० रोजी रामन यांचे निधन झाले. मित्रांनो, तुमच्या वहीत मोरपीस असेल, तर आज ते बाहेर काढा. उन्हात धरा, हळूहळू फिरवा आणि रंग कसे बदलतात ते पाहा. मग का, असे स्वतःला विचारा. रामन यांनी आयुष्यभर हेच केले.