‘दीनबंधू’च्या संपादिका तानूबाई बिर्जे

भगिनींनो, ३ जानेवारीस आपण सावित्रीबाई फुले यांच्या तसबिरीला हार घालतो. परंतु फुल्यांच्या शाळेत शिकलेली एक मुलगी पुढे वर्तमानपत्राची संपादिका झाली, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक नसेल. तिची हकीगत या स्मरणिकेत यावी असे मला मनापासून वाटले.

तानूबाईंचा जन्म १८७६ साली पुण्यात झाला. वडील देवराव ठोसर; फुले कुटुंबाशी त्यांचा घरोबा होता. तानूबाई वेताळ पेठेतील फुल्यांच्या शाळेत शिकल्या. त्या काळी मुलीच्या हाती पाटी देणे हे बापाच्या धैर्याचेच काम होते. १८९३ साली वासुदेवराव बिर्जे यांच्याशी त्यांचा विवाह सत्यशोधक पद्धतीने झाला. वासुदेवराव बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या ग्रंथालयात नोकरीस होते.

आता ‘दीनबंधू’विषयी. हे साप्ताहिक कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात काढले. शेतकरी आणि कष्टकरी यांची गाऱ्हाणी त्यात येत. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईहून चालविले. गिरणीकामगारांना १८९० साली रविवारची सुटी मिळाली ती याच लोखंड्यांच्या खटपटीमुळे. आपल्या कामोठ्यातून रोज गाडीने मुंबईस कामाला जाणारी मंडळी रविवारी घरी असतात, तेव्हा त्यांची आठवण व्हावी. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई गेल्या, लोखंडेही गेले. त्यानंतर वासुदेवरावांनी बडोद्याची नोकरी सोडून पत्राची धुरा उचलली.

१९०६ साली वासुदेवरावांचे निधन झाले. तानूबाईंचे वय तेव्हा तीस वर्षांचे. विधवा स्त्रीने कोपऱ्यात बसावे अशी समाजाची अपेक्षा असण्याचा तो काळ. तानूबाईंनी मात्र लेखणी हाती घेतली आणि १९१२ पर्यंत ‘दीनबंधू’चे संपादन केले. साप्ताहिक चालविणे म्हणजे अग्रलेख लिहून मोकळे होणे नव्हे. बातम्या निवडायच्या, मुद्रिते तपासायची, छापखान्याचा आणि टपालाचा खर्च भागवायचा, वर्गणी थकविणाऱ्यांना पत्रे लिहायची. आठवडा संपला की पुन्हा कोरा कागद समोर. अशी सहा वर्षे! बहुजन समाजाचे शिक्षण आणि स्त्रियांची उन्नती हे त्यांच्या लेखनाचे विषय होते. भारतातील पहिली स्त्री वृत्तपत्र-संपादक म्हणून अभ्यासक आज त्यांचे नाव घेतात; सामान्य वाचकाला मात्र ते फारसे माहीत नाही.

मला या चरित्रात विशेष वाटते ते असे, की तानूबाईंना संपादकपद कोणी मानाने बोलावून दिले नव्हते. संकट आले, काम समोर उभे राहिले, आणि ते पेलण्याइतके शिक्षण अंगी होते म्हणून त्या उभ्या राहिल्या. लहानपणी शिकलेली अक्षरे वीस वर्षांनी अशी उपयोगी पडली. म्हणून मुलीच्या शिक्षणाचा खर्च जेव्हा जड वाटेल, ‘हिला शिकून काय करायचे’ असा प्रश्न घरात कोणी विचारील, तेव्हा भगिनींनो, तानूबाईंचे नाव त्यांना अवश्य सांगावे.