वालचंद हिराचंद: भारतीय मुलांना जहाजाचे कप्तान होण्याची वाट कशी मिळाली?

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही संगमनेर किंवा श्रीरामपूरचा बारावी विज्ञान झालेला मुलगा आज जहाजाचा कप्तान होऊ शकतो. प्रवेश परीक्षा, एक वर्षाचा डिप्लोमा, दीड वर्ष जहाजावर कॅडेट म्हणून काम, मग सेकंड मेटची परीक्षा. पुढे आणखी समुद्रसेवा करत चीफ मेट आणि शेवटी मास्टर, असा हा रस्ता आहे. शंभर वर्षांपूर्वी तो भारतात जवळजवळ नव्हताच. तो घडवण्यात ज्यांचा वाटा मोठा, ते वालचंद हिराचंदही समुद्रापासून दूर असलेल्या सोलापूरचेच.

वालचंदांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 चा. घराणं गुजरातहून आलेलं जैन व्यापारी. मुंबई-पुण्यात कॉलेजला गेले, पण शिक्षण अर्धवट सोडलं. घरच्या व्यापारात मन रमेना, म्हणून लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर रेल्वेची कंत्राटं घेऊ लागले. जहाजधंद्याचा अनुभव मात्र शून्य.

'लॉयल्टी'चा प्रवास

पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी एक जुनं जहाज विकत घेऊन त्याचं रुग्णालय केलं होतं. त्याचं नाव 'लॉयल्टी'. युद्ध संपल्यावर वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घेतलं आणि 1919 मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. 5 एप्रिल 1919 रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघालं. आजही 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला जेरीस आणलं. 1923 च्या करारात किती जहाजं चालवायची यावरही मर्यादा आली. पण याहून खोल अडचण वेगळीच होती.

खलाशी भारतीय, अधिकारी युरोपीय

कोकणातले आणि गुजरातचे खलाशी पिढ्यान् पिढ्या ब्रिटिश जहाजांवर राबत होते. अधिकारी मात्र बहुतेक युरोपीय. सिंदियालाही सुरुवातीला तेच घ्यावे लागले. कारण मोठं जहाज चालवायचं तर सरकारी पात्रता प्रमाणपत्र लागतं. परीक्षेला बसायचं तर आधी काही वर्षं समुद्रावर शिकाऊ म्हणून काढावी लागतात, आणि शिकाऊ म्हणून घ्यायला एखादी कंपनी तयार असावी लागते. भारतीय मुलगा नेमका या शेवटच्या पायरीवर अडत होता. मालक भारतीय, पण सुकाणू परक्याच्या हाती, अशी ही स्थिती होती.

सरकारने नेमलेल्या मर्कंटाइल मरीन समितीने 1924 मध्ये अहवाल दिला. भारतीय अधिकारी तयार करण्यासाठी प्रशिक्षण जहाज हवं, अशी त्यात शिफारस होती. त्यानुसार 1927 मध्ये 'डफरिन' हे जुनं लष्करी वाहतूक जहाज मुंबईत माझगावजवळ नांगरून त्यावर शाळा सुरू झाली. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, मग जहाजावर उमेदवारी आणि त्यानंतर परीक्षा.

डफरिन सरकारचं होतं, वालचंदांचं नव्हे. पण शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला समुद्र दाखवणारं जहाज मिळालं नसतं, तर सगळं शिक्षण कागदावर राहिलं असतं. सिंदियाच्या जहाजांनी ती जागा दिली. नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर 1929 मध्ये वालचंद अध्यक्ष झाले आणि 1950 पर्यंत त्या पदावर राहिले.

जहाजही इथलंच

पुढचं पाऊल जहाजबांधणीचं. 21 जून 1941 रोजी विशाखापट्टणमच्या गोदीची पायाभरणी राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाली. 14 मार्च 1948 रोजी तिथे बांधलेल्या 'जलउषा'चं जलावतरण पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी केलं. त्याआधी तीनच वर्षांपूर्वी नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते.

8 एप्रिल 1953 रोजी गुजरातमधल्या सिद्धपूर इथे वालचंद वारले. 1972 मध्ये डफरिनची जागा 'राजेंद्र' या जहाजाने घेतली, पुढे शिक्षण किनाऱ्यावर आलं. सिंदियाची जहाजंही आता नाहीत. कॅडेटला मात्र आजही परीक्षेआधी जहाजावर जागा शोधावी लागते. वर्गातलं शिक्षण पुरं झालं तरी समुद्रावरचे महिने भरल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही.